हक्कामागचे ऋण

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांविषयीचा एक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. पुढे काही दिवस आम्हांला जो भेटे तो एकच विचारी, "फादर, आता आपल्या शाळा सरकार घेणार काय?" विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक होते, तशीच ज्यांची मुले शाळेतून केव्हाच बाहेर पडली आहेत अशी मंडळीही होती. वृत्तपत्रातील मथळा वाचून मनात भय उभे राहावे हे स्वाभाविक आहे. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न शाळा कोणी घ्यावी हा नव्हताच. आमच्या शाळांत कोणी बसावे, असा तो प्रश्न होता.

मुळात वाद होता शिक्षकांच्या पात्रता परीक्षेचा. त्या ओघात जुना विषय निघाला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्याव्यात व त्यांचा खर्च शासनाने ठरावीक दराने भरून द्यावा, अशी त्यात तरतूद आहे. ६ मे २०१४ रोजी प्रमती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला की, अनुदानित असो वा विनाअनुदानित, अल्पसंख्याकांच्या कोणत्याही शाळेला हा कायदा लागू होत नाही. ही सरसकट सूट योग्य होती काय, अशी शंका २०२५ च्या पीठाने घेतली.

सूट राहावी असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. शासनाकडून यावयाची प्रतिपूर्ती थकते, हे खाजगी शाळा चालवणाऱ्या कोणासही विचारावे. आज प्रवेशाचा नियम आला, उद्या मुख्याध्यापक कोण असावा याचाही येईल, ही धास्तीही अनाठायी म्हणता येत नाही. तेव्हा अनुच्छेद ३० चे रक्षण न्यायालयात झालेच पाहिजे. मात्र ते करताना हा अनुच्छेद आमच्या पदरी कसा पडला, याचे स्मरण ठेवलेले बरे.

घटना समितीत ख्रिस्ती सभासद थोडे होते. परंतु डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ समितीचे उपाध्यक्ष होते आणि अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्षही होते. मद्रासहून आलेले येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हेही सभासद होते. विधिमंडळांत धार्मिक अल्पसंख्याकांसाठी जागा राखून ठेवण्याची योजना त्या वेळी विचाराधीन होती. मे १९४९ मध्ये ती सोडून देण्यात आली आणि आमच्या नेत्यांनी त्यास मनःपूर्वक संमती दिली. सत्तेतील राखीव वाटा आम्हांला नको, आम्ही देशबांधवांच्या सद्भावावर विसंबून राहू, असा त्या संमतीचा अर्थ होता. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क मात्र घटनेने धार्मिक व भाषिक अशा सर्वच अल्पसंख्याकांना दिला. ज्या समाजाने सत्तेतील वाटा आपण होऊन सोडला, त्याला सेवेचे साधन राहिले. आज आपण त्या साधनाकडे पुन्हा वाटा म्हणूनच पाहू लागलो आहोत काय, असे आम्हांला राहून राहून वाटते.

आपल्या भाषेतील शब्द या बाबतीत बोलके आहेत. 'हक्क' हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ सत्य असाही होतो आणि ज्याला जे देय ते, असाही. जुन्या महाराष्ट्रात पाटलाचे, जोशाचे, बलुतेदारांचे हक्क असत आणि प्रत्येक हक्काच्या पाठीशी गावाचे एखादे काम बांधलेले असे. 'अधिकार' हा शब्द संतवाङ्मयात पात्रतेच्या अर्थाने येतो. अजूनही आपण एखाद्याला अधिकारी पुरुष म्हणतो, तेव्हा त्याच्या खुर्चीविषयी बोलत नसतो. संत थॉमस अॅक्वायनस यांनी न्यायाची जी व्याख्या स्वीकारली, तीही मागणाऱ्याच्या बाजूने केलेली नाही. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा बाळगणारा माणूस तीत मध्यभागी आहे. म्हणजे न्यायाचा आरंभ 'माझे मला द्या' येथून होत नाही, 'माझ्याकडे कोणाचे काय राहिले आहे' येथून होतो.

आता हिशेब पाहू. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याकांच्या शाळांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील आकड्यांनुसार ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतील नाहीत, तर सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित घटकांतील मुले नऊ टक्क्यांहूनही कमी आहेत. अहवालामागील हेतूविषयी अनेकांनी शंका घेतली आणि तिला जागाही आहे. परंतु हेतूवर बोट ठेवल्याने आकडा पुसला जात नाही. पहिला आकडा आम्हांला भूषणावह वाटतो. परधर्मीयांच्या मुलांना आपण शिकवतो, ही आपली परंपराच आहे. दुसऱ्या आकड्याशी तो ताडून पाहिला की अडचण होते. दार परक्यांना उघडे आहे, परंतु त्यांतल्या ऐपतदारांना अधिक, असे ते चित्र दिसते. जाता जाता एक सांगावेसे वाटते. शाळाप्रवेशाच्या दिवसांत बाप्तिस्म्याच्या दाखल्याला जेवढी मागणी असते, तेवढी वर्षभरात दुसऱ्या कोणत्याच संस्काराच्या नोंदीला नसते. त्या दाखल्यावर प्रवेश मिळाला नाही तर पालक आमच्यावर रुष्ट होतात. प्रवेश मिळाल्यावर शेजारच्या बाकावर कोण नाही, हे मात्र कोणी विचारीत नाही.

जे शाळांचे तेच रुग्णालयांचे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दराने राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली आहे. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती स्त्रीकडे मोठी अनामत रक्कम मागितल्याचा आरोप एका धर्मादाय रुग्णालयावर झाला. पुढे दुसरीकडे प्रसूत होऊन ती दगावली, तेव्हा राज्यभर संताप उसळला. तो रास्तच होता. मात्र या योजनेची माहिती आपल्यापैकी कितीजण आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला देतात? आमच्याकडे रुग्णालयासाठी शिफारसपत्र मागायला येणाऱ्यांत ज्यांना खरोखर गरज असते ते क्वचितच असतात. त्यांना आमचा पत्ताच ठाऊक नसतो.

नागरी हक्कांची गोष्ट निघाली की आपल्या समाजास फादर स्टॅन स्वामी आठवतात. ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, रांचीहून त्यांना अटक झाली आणि तळोजा कारागृहात आणले गेले. कंपवातामुळे त्यांना पेला धरवत नसे. नळी असलेल्या पेल्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावरही तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाची वाट पाहत, त्यांचे निधन झाले. त्या दिवसांत ठिकठिकाणी मिस्सा अर्पण झाल्या, मेणबत्त्या लागल्या. आपला एक धर्मगुरू कारागृहात गेला, हे दुःख खरे होते. परंतु फादर स्टॅन आयुष्यभर ज्यांच्यासाठी झटले ते बहुतेक 'आपले' नव्हते. झारखंडमधील आदिवासी तरुण खटल्याविना तुरुंगात पडून राहतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता आणि त्या कच्च्या कैद्यांसाठी न्यायालयात दादही मागितली होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कैद्यांत ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. त्या लाखोंपैकी एकाचे नाव आपल्याला ठाऊक झाले, तेही तो आपल्या वेदीवर उभा राहणारा होता म्हणून. आपल्या करुणेला ओळखपत्र लागते, असे कोणी म्हटले तर उत्तर देणे कठीण आहे.

ख्रिस्तसभेला स्वतःला हा पल्ला गाठण्यास फार काळ लागला. असत्याला हक्क नसतात, असे आमच्याच ईशज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यानपिढ्या शिकवले जाई. मग १९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात प्रत्येक हक्काबरोबर त्याचे कर्तव्य जोडून दाखवले. आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा आधार सत्याच्या मालकीत न शोधता माणसाच्या प्रतिष्ठेत शोधला. माणूस म्हणून जो हक्क मला आहे तो माझ्याशी असहमत असणाऱ्यालाही आहे. त्याच परिषदेने थोडे आधी ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात गरीब, कुटुंबाच्या आधाराला मुकलेले आणि श्रद्धेपासून दूर असलेले, यांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले. कॅथलिक शाळेची ओळख तेथे अशी करून दिलेली आहे. फीचे दरपत्रक त्यात नाही.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. सूट राहावी, आणि ती असताना आपल्या शाळांनी कायद्याने मागितले असते त्याहून अधिक आपण होऊन द्यावे. 'मग बाप्तिस्मा झालेल्या आमच्या मुलाची जागा परक्याला का?' असा प्रश्न येईल. त्याला गोड उत्तर नाही. ज्या घरात दोन पगार येतात, त्या घरातील मुलाला पुढच्या शाळेत जाता येते. ज्याला हीच शाळा आहे त्याला जाता येत नाही. नुसता प्रवेश दिल्यानेही भागत नाही. गणवेश, वह्या, सहल, स्नेहसंमेलनाची वर्गणी, एवढ्यावरच अशी मुले दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेत गळतात. त्यासाठी धर्मग्रामाच्या निधीत वेगळी तरतूद लागेल, आणि सणाच्या रोषणाईतून ती काढता येण्याजोगी आहे.

वसईच्या पूर्वेकडे वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर येतात आणि मे महिन्यात परत जातात. २५ टक्क्यांच्या जागेसाठी अर्ज भरण्याचे दिवस येतात तेव्हा त्यांच्याकडे राहण्याचा पुरावा नसतो, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा ती येथे नसतात. कायदा त्यांना नाकारीत नाही, पण कायद्याचे वेळापत्रक त्यांना गाठत नाही. अनुच्छेद ३० ने आम्हांला शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याची मोकळीक दिली आहे. नोव्हेंबरात येणाऱ्या आणि मे महिन्यात जाणाऱ्या मुलांसाठी एक वर्ग, एक शिक्षिका आणि दुपारचे जेवण, एवढी सोय त्या मोकळिकीत बसते. पालकसभेपुढे आणि व्यवस्थापनापुढे हा विषय ठेवायला यंदाचा ऑक्टोबर पुरेसा लवकर आहे.