गुण आणि गुण

शिक्षणावरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना एका शब्दापाशी मी नेहमी रेंगाळते. परीक्षेत मुलाला मिळतात ते आपल्याकडे गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. पूर्वी बोर्डाची यादी लागायची, तिचे नावसुद्धा ‘गुणवत्ता यादी’. इंग्रजीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत, तेव्हा एकीवरून दुसरीवर उडी मारताना निदान पायाला कळायला हवे. अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलांची कहाणी वाचली की मात्र वाटते, शब्द वेगळे असूनही तिथे कुणाला ती उडी जाणवली नाही.

कहाणीची सुरुवात उलट्या टोकाला आहे. 1959 मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी सांगितले, की शेवटच्या वर्गात किमान शंभर मुले नसतील तर ते हायस्कूल चांगले चालूच शकत नाही. भौतिकशास्त्राला, परभाषांना स्वतंत्र शिक्षक परवडायचा कसा? पुढे वारे फिरले. मोठ्या शाळा म्हणजे कारखाने, तिथे मुलाला नावाने कुणी ओळखत नाही, ही तक्रार वाढली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1985 साली डेबोरा मायर यांनी काढलेल्या लहान हायस्कुलाचे दाखले दिले जाऊ लागले. 2000 च्या सुमारास गेट्स फाउंडेशन या कामात उतरले आणि लहान हायस्कुले काढायला, मोठी फोडून लहान करायला कोट्यवधी डॉलर वाहू लागले. पाठबळाला पुरावाही होता. परीक्षेत वरचे क्रमांक पटकावणाऱ्या शाळा पाहा, त्यांत लहान शाळा किती दिसतात!

खरोखरच दिसत होत्या. पण यादीचे दुसरे टोक कुणी फारसे पाहत नव्हते. हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या संख्याशास्त्रज्ञांनी पेन्सिल्वेनियातल्या 1,662 शाळांचे पाचवीचे गुण मांडले. सर्वांत लहान पन्नास शाळा म्हणजे एकूण शाळांच्या तीन टक्के. पण वरच्या पन्नासांत त्यांतल्या सहा निघाल्या, म्हणजे बारा टक्के. आणि तळाच्या पन्नासांत? नऊ. अकरावीचे गुण पाहिले तर मोठ्या शाळाच थोड्या सरस दिसत होत्या.

यात गूढ काही नाही. पंचवीस मुलांच्या वर्गात दोन हुशार मुली यंदा आल्या की सरासरी चढते. पुढच्या वर्षी त्या गेल्या आणि एकजण परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला की ती कोसळते. चारशे मुलांत असली चढउतार एकमेकींना झाकून टाकते. गणित असे, की पंचवीसांची सरासरी चारशेंच्या सरासरीच्या चौपट हेलकावे खाते. हे सूत्र आब्राहम द म्वाव्र याने अठराव्या शतकातच मांडले होते. वेनर यांनी त्याला सर्वांत धोकादायक समीकरण म्हटले. धोका समीकरणात नाही, ते ठाऊक नसण्यात आहे.

इथवर प्रश्न हिशेबाचा. मला छळतो तो पुढचा. हेलकाव्याच्या वरच्या टोकाला असलेल्या शाळेच्या गळ्यात आपण हार घालतो आणि खालच्या टोकाच्या शाळेला जाब विचारतो. दोन्हीकडे शिक्षक तितकेच राबलेले असू शकतात. दहावीचा निकाल लागला की आपल्याकडेही शंभर टक्के निकालाच्या शाळा मोजल्या जातात आणि शून्य टक्क्यांच्याही. बारा मुले बसवलेल्या शाळेला शंभर गाठणे जितके सोपे, तितकेच शून्याच्या जवळ जाणेही. मुख्याध्यापकांचा सत्कार होतो किंवा त्यांना नोटीस येते. दैवाने केलेले आपण माणसाच्या खाती लिहितो, आणि जमा-नावे दोन्ही बाजूंना.

म्हणून गुण मोजूच नयेत, असे म्हणणारी मंडळी मला परवडत नाहीत. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत त्यांना हे बोलणे स्वस्त पडते. आपल्या मुलाला आठवीतही धड वाचता येत नाही, हे अडाणी बापाला सांगणारा दुसरा कागद नसतो. गुण हवेतच. फक्त ते कशाची साक्ष देतात आणि कशाची नाही, हे साक्षीदाराला उभे करणाऱ्याने पाहायला हवे.

कारण लहान शाळेची बाजू मुळात या साक्षीवर उभी नव्हतीच. 1964 साली रॉजर बार्कर आणि पॉल गंप यांनी कॅन्ससमधल्या लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण त्यांतली पुष्कळ मुले नुसती बघ्याच्या भूमिकेत. लहान शाळेत नाटकाला, बँडला, संघाला माणसे कमी पडत; म्हणून मागे राहणाऱ्या, फारशा न चमकणाऱ्या मुलालाही ओढून आणावे लागे. तू आला नाहीस तर आमचे अडेल, असे कुणीतरी त्याला म्हणत असे. सोळाव्या वर्षी हे वाक्य ऐकायला मिळणे ही केवढी गोष्ट आहे! ती कुठल्या गुणपत्रिकेत लिहायची?

डेन्व्हरचे मॅन्युअल हायस्कूल 2001 मध्ये फोडून एकाच इमारतीत तीन शाळा केल्या गेल्या. मुले बहुतेक लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, घरची गरीब. विषयांची निवड आटली, पट घसरला, आणि 2006 मध्ये ते बंद झाले, ते वर्षभरासाठी. उरलेल्या मुलांना शहरभरच्या दुसऱ्या शाळांत जावे लागले. 2009 च्या वार्षिक पत्रात बिल गेट्स यांनी लिहिले, की पैसा घातलेल्या अनेक लहान शाळांमध्ये मुलांच्या प्रगतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तोवर संस्थेचे लक्ष शिक्षकांच्या मूल्यमापनाकडे वळलेही होते. मला यात राग येतो तो चुकीच्या अंदाजाचा नाही. एखाद्या चांगल्या गोष्टीसाठी लटके कारण पुढे केले, की ते कारण पडल्यावर ती गोष्टही टाकून दिली जाते, आणि तिचे खरे कारण विचारायला कुणी थांबत नाही.

न्यूयॉर्कमध्ये मात्र थांबले. तिथे ढासळलेली मोठी हायस्कुले बंद करून 2002 नंतर अनेक लहान शाळा काढल्या होत्या. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की निवड चिठ्ठीसारख्या पद्धतीने होई. तेव्हा संशोधकांनी शाळांची शाळांशी तुलना सोडून दिली आणि चिठ्ठी लागलेली मुले व न लागलेली मुले शेजारी ठेवली. दोघांचे घर, वस्ती, हुशारी सारखीच. फरक दैवाचा, आणि यावेळी तो मुद्दाम वापरलेला. लागलेल्यांपैकी हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. हा निकाल 2010 मध्ये आला. मॅन्युअलमधल्या ज्या मुलांना मध्येच शाळा बदलावी लागली होती, त्यांचे शाळेचे वय तोवर उलटून गेले होते.