‘लर्न’चं बटण

उभा राहा. बस म्हटलेलं नाही मी अजून. हा सर्व्हिस रिपोर्ट तुझा, खालची सही तुझी, आणि हे अक्षर तर मी तीन वर्षं जर्नलमध्ये सोसलेलं आहे. तेव्हा ‘माझा नाही’ म्हणायची सोय नाही. वाच काय लिहिलंयस ते. ‘झोन ४, लाइन ए, इम्पीडन्स फॉल्ट होता. रीसेट केला. सिस्टम ओके.’ मोठ्याने वाच, मागच्या बाकापर्यंत जाऊ दे.

हा रिपोर्ट ज्या रुग्णालयातल्या आणीबाणीच्या घोषणा-यंत्रणेचा, तिथे मॉक ड्रिल झाली. तळमजल्यावरून घोषणा केली आणि पंधरा मिनिटांनी चौथ्या मजल्यावरच्या सिस्टर खाली येऊन विचारतात, ‘ड्रिल रद्द झाली का?’ तिथला मेंटेनन्सचा माणूसही माझाच विद्यार्थी, तुझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याने लाज बाजूला ठेवून मला फोन केला. गेले मी. रॅकसमोर उभी राहिले तर सगळे दिवे हिरवेगार, श्रावणातलं कोकण जणू. मग शिडी मागितली. या वयात, या गुडघ्यांनी. फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली आणि दिसलं ते असं : एसीवाल्यांनी डक्ट टाकताना लाइनची एक फांदी कापलेली, टोकांना काळी टेप गुंडाळलेली, आणि तिच्यापुढचे चार स्पीकर मुके. पलीकडच्या बोळात रंगाऱ्यांनी आणखी तीन उतरवले होते. ते एका खोक्यात नीट ठेवले होते हो, फक्त परत लावले नव्हते.

आता तुझं पाप सांगते. लाइन कापली ते तुझं पाप नाही. फॉल्ट आला होता. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, बझर वाजवला होता, लॉगमध्ये नोंद केली होती. तू आलास, वर जायला शिडी लागली असती म्हणून वर गेला नाहीस, आणि स्क्रीनवरचं ‘लर्न’ लिहिलेलं बटण दाबलंस. रीसेट म्हणे! तेही लॉगमध्ये आहे, वेळेसकट. फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळी सहा चाळीस. सातची लोकल असेल. ते बटण कधी दाबायचं? सगळी लाइन जोडून झाली, एकेका स्पीकरखाली उभं राहून कानाने ऐकून झालं, की मग. पुढे लाइनमध्ये खरोखर काही बदल केला, तरच पुन्हा. त्या क्षणी अ‍ॅम्प्लिफायर लाइनचा इम्पीडन्स मोजतो आणि ‘निरोगी लाइन म्हणजे ही’ असं मनाशी धरतो. त्यानंतर जन्मभर तो त्याच आकड्याशी ताडून बघत राहतो. तू त्याला पढवलंस की चार स्पीकर मेलेले असणं हेच निरोगीपण. शिकायचं तुला होतं. शिकवत बसलास यंत्राला, आणि तेही चुकीचं.

खडू घे. फळ्याकडे तोंड कर, माझ्याकडे नको. १०० व्होल्टची लाइन. ४० स्पीकर, प्रत्येकाचा टॅप ६ वॅटवर. एकूण? २४० वॅट. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट, म्हणजे १०,००० भागिले २४०. किती? ४१.६७ ओहम. आता एक स्पीकर काढ. ३९ उरले, २३४ वॅट, ४२.७ ओहम. वाढ अडीच टक्के. तिथे फॉल्टची मर्यादा १० टक्क्यांवर ठेवलेली आहे, कारण उन्हाळ्या-पावसाळ्याने इम्पीडन्स थोडा हलतोच. तेवढी सूट दिली नाही तर बझर दिवसभर ओरडेल आणि लोक त्याच्या तोंडावर चिकटपट्टी मारतील. मारतात. पाहिलंय मी. बरं, पुढे चल. तीन स्पीकर गेले : ३७ उरले, ४५ ओहम, वाढ आठ टक्के, यंत्र गप्प. चौथा गेला : ४६.३ ओहम, अकरा टक्के. तेव्हा कुठे बझर वाजतो. म्हणजे तो वाजतो तेव्हा प्रकरण आधीच बरंच पुढे गेलेलं असतं, हे तुला त्याच वेळी कळायला हवं होतं. तू मात्र त्या ४६.३ लाच पाया धरलास आणि त्यावर यंत्राला पुन्हा नवी दहा टक्के सूट दिलीस. मग रंगाऱ्यांनी तीन उतरवले. ३३ उरले, ५०.५ ओहम. जुन्या पायावरून मोजलं तर एकवीस टक्के वाढ, नुसता बोभाटा व्हायला हवा होता. तुझ्या नव्या पायावरून नऊ टक्के. दिवा हिरवा. चाळीसातले सात मुके आणि दिवा हिरवा! वर्गात नापास फार झाले म्हणून पासाची रेघ ३५ वरून २५ वर आणणारे महाभाग मी पाहिलेत. ते निदान मुलांना कळवतात तरी.

काय पुटपुटलास? मल्टिमीटर लावला होता? लावून काय मोजलंस, डीसी रेझिस्टन्स ना? प्रत्येक स्पीकरच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स आणि लाइनचा इम्पीडन्स यांचा आकड्यापुरताही संबंध नाही. काही स्पीकरांत तर मालिकेत कपॅसिटर असतो, तिथे तुझा मीटर थेट ‘ओपन’ म्हणेल. दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या टर्ममध्ये शिकवलेलं आहे हे. त्या दिवशी तू आला होतास, हजेरी आहे.

एकटा तूच नाहीस म्हणा. तुझ्याआधीच्या बॅचचे एक महाशय होते. त्यांना लाइनच्या शेवटच्या स्पीकरपाशी एंड-ऑफ-लाइनचं युनिट बसवायचं होतं. अ‍ॅम्प्लिफायर कानाला न ऐकू येणारा, २० किलोहर्ट्‌झच्या आसपासचा पायलट टोन लाइनवर सोडतो, तो टोकाशी पोचला की ते युनिट ‘पोचला’ म्हणून कळवतं. यांनी ते युनिट टोकाला नेलंच नाही, रॅकमध्येच अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे जोडून टाकलं. वायर वाचली म्हणे. शेवटचा बाक जागा आहे का हे पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारण्यातला प्रकार. आणि लक्षात ठेव, ते युनिट योग्य जागी असलं तरी मधून फुटलेल्या फांद्यांचं त्याला काही कळत नाही. चौथ्या मजल्यावर कापली गेली ती फांदीच होती. म्हणूनच फांद्या काढू नका, स्पीकर एकामागून एक ओवत चला, असं घसा फोडून सांगते मी.

आता हे दुसरं पान. जुलैमधल्या पाच नोंदी : ‘अर्थ फॉल्ट, पावसाळी, दुर्लक्ष करावे.’ करावे! कुणी करावे? १०० व्होल्टची ती लाइन जमिनीपासून अलग, तरंगती ठेवलेली असते. म्हणून तिची एक तार कुठे ओल्या जंक्शन बॉक्समध्ये जमिनीला टेकली, तरी घोषणा ठणठणीत ऐकू येते. कानाला काही कळत नाही, म्हणूनच ती गळती मोजणारं सर्किट दिलेलं असतं. दुसऱ्या तारेला दुसरी गळती लागली की दोघी जमिनीतून एकमेकींना भेटतात आणि सबंध लाइन शॉर्ट. पहिल्या गळतीची बातमी हाच काय तो तुझ्या हातातला अवधी. पाऊस थांबल्यावर फॉल्ट गेला म्हणून तू खूश. पाणी गेलं रे, भोक तिथेच आहे.

आणि नेटवर्कचं काय सांगतोस? ‘बाई, सगळ्या अ‍ॅम्प्लिफायरना पिंग लागत होता.’ पिंगला उत्तर देतं ते त्यातलं नेटवर्क कार्ड. आउटपुट स्टेज जळून कोळसा झालेली असली तरी ते बिचारं उत्तर देत राहील. घराची बेल वाजली म्हणजे घरातला म्हातारा धडधाकट आहे असं होतं का? तुमचा तो एसएनएमपी ट्रॅप, यंत्राने बिघाडाचा स्वतःहून धाडलेला निरोप, तोही तसाच. तो यूडीपीवरून निघतो. पोचला की नाही याची पोच त्याला कुणी देत नाही, वाटेत स्विच रीस्टार्ट होत असेल तर तो हरवला तो हरवलाच. म्हणून मॉनिटरिंगच्या संगणकाने दर थोड्या वेळाने स्वतः जाऊन विचारायचं असतं, आणि उत्तर आलं नाही तर तोच फॉल्ट धरायचा असतो. तू पोलिंग बंद ठेवलंस, का, तर ‘लॉग फार भरतो.’

फॉल्टच्या रिलेची जोडणी तर बघवली नाही मला. फॉल्ट झाला की रिले ओढला जाईल, अशी केलीयस. आणि अ‍ॅम्प्लिफायरची वीजच गेली तर त्याला ओढणार कोण, तुझे तीर्थरूप? चांगल्या स्थितीत रिले ओढलेला हवा. वीज जावो, वायर तुटो, तो सुटला की फॉल्ट. जुन्या स्टेशनांवरचा सिग्नलचा हात आठवतो का? माझ्या लहानपणी आमच्या गावच्या फाटकाजवळ होता. तार ओढून हात खाली आणला तर गाडीला वाट. तार तुटली तर वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा, ‘थांबा’वर. ते करणाऱ्यांकडे ना नेटवर्क होतं, ना तुझ्यासारखा डिप्लोमाधारक.

गणपतीच्या मांडवातला कर्णा बंद पडला तर अर्ध्या मिनिटात दहा जण धावतात, कारण तो दिवसरात्र वाजत असतो. ही आपली यंत्रणा वर्षानुवर्षं गप्प राहण्यासाठीच बसवलेली. ती बिघडून गप्प आहे की चांगली असून गप्प आहे, हे माणसाला बाहेरून ओळखता येत नाही. युरोपच्या ईएन ५४ मानकाच्या १६ व्या भागात लिहिलेलं आहे, बिघाड झाल्यापासून १०० सेकंदांच्या आत यंत्रणेने तो दाखवलाच पाहिजे. तुझ्या रॅकवर त्याच मानकाची पट्टी आहे. म्हणजे दोन मिनिटंही लागली नसतील त्याला सांगायला. आणि तुम्हा माणसांना ऐकायला फेब्रुवारीपासून जुलै उजाडला. तोही एका सिस्टरने जिना उतरून येऊन सांगितलं म्हणून.

चेहरा पाडू नकोस, त्याने इम्पीडन्स बदलत नाही. राखीव अ‍ॅम्प्लिफायर मे महिन्यापासून दुसऱ्याच्या जागी राबतोय, तेही लॉगमध्ये आहे, तेही तू पाहिलेलं नाहीस. त्याचं उद्या बघू.

आज शिडी घे. लॅबमधली ॲल्युमिनियमची नको, लाकडी घे. इम्पीडन्स मीटर घे, मल्टिमीटर इथेच ठेव. सिस्टरांना विचारून वॉर्डात शिर, आवाज खाली ठेव, पेशंट झोपलेले असतात. कापलेली फांदी काढून टाक, लाइन ओवून घे, खोक्यातले तीन स्पीकर जागेवर लाव, चाळीसही मोजून ऐक. त्यानंतर ते बटण दाब. मग त्या सातांतला एक स्पीकर मुद्दाम सोडव आणि दिवा काय म्हणतो बघ. काहीच म्हणणार नाही तो, ते रिपोर्टात लिही. सही कर. परत जोड. आणि चाळिसाव्या स्पीकरखाली उभा राहून मला फोन लाव. घोषणा मला फोनवर ऐकू आली पाहिजे.