क्लिकच्या अलीकडे

मी न्यायशास्त्र शिकवते. माझी ताई डोळ्यांनी लिहिते. मोटर न्यूरॉनच्या आजाराने तिचे हात गेले, मग वाचा गेली. नजर शाबूत आहे. पडद्यावरच्या अक्षरावर तिने नजर रोखून धरली की ते उमटतं. क्लिक कुठेच नाही. मग कर्म घडतं ते नेमकं कधी?

विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेद’ या न्यायग्रंथात प्रयत्न तीन प्रकारचा सांगितला आहे: प्रवृत्ती, निवृत्ती आणि श्वासोच्छ्वास चालू ठेवणारा जीवनयोनी प्रयत्न. यातली निवृत्ती मला फार मोलाची वाटते. समोरचं न घेणं हासुद्धा आत्म्याचा प्रयत्नच, नुसता अभाव नव्हे. माऊसमध्ये या निवृत्तीला आयती जागा होती. बाण बटणावर न्यावा, वाचावं, मन फिरलं तर परतावं. बोट दाबेपर्यंत काही घडत नाही.

२००० नंतरच्या दशकात अलेक्स फ्रँक यांनी ‘डोन्टक्लिक डॉट इट’ हे प्रायोगिक संकेतस्थळ केलं. बाण नुसता वरून फिरला की पानं उलगडत; सवयीने क्लिक केलं की ते अडवत असे. फ्लॅशवर बांधलेलं होतं, आणि अडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅशच बंद केलं. त्यातला ओघ सुंदर होता, हे मी मनापासून मानते. पण बाण वाटेवरून गेला म्हणून जे पान उघडलं, ते मी उघडलं का? हालचाल माझी, पण तिच्यामागे इच्छा कुठे होती?

नजरेच्या बाबतीत हा पेच जिवावर बेततो. संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० साली त्याला मिडास राजाचं नाव दिलं: त्याचा हात लागेल ते सोनं होई, अन्नसुद्धा, इथे डोळा जाईल तिथे हुकूम सुटतो. डोळ्याला आधी बघू तर दिलं पाहिजे! म्हणून नजर ठरावीक वेळ स्थिर राहिली तरच निवड मानतात. हा वेळ कमी केला की लिहिणं भराभर होतं, आणि घरच्यांना तेच हवं असतं. ताई तो कमी करू देत नाही.

केंब्रिजच्या डेव्हिड मॅके यांच्या ‘डॅशर’ या लेखनप्रणालीत मला खरं तत्त्वज्ञान दिसतं. अक्षरं उजवीकडून वाहत येतात, नजरेने त्यांतून वाट काढायची. चुकलं तर डावीकडे पाहायचं, अक्षरं मागे सरकतात. तिथे निवृत्तीलाही दिशा आहे.

पोटात अन्नासाठी नळी घालायची का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. ताईची नजर वाचण्यासाठी ‘हो’वर गेली आणि यंत्र ‘हो’ बोललं. डॉक्टर लिहून घेऊ लागले. मी त्यांना थांबवलं आणि प्रश्न उलटा करून पुन्हा विचारायला लावला: नळी नको आहे का? ताईने बराच वेळ छताकडे पाहिलं, मग ‘नाही’वर नजर ठेवली आणि हलवली नाही. तेव्हा कुठे मी संमतिपत्र पुढे केलं.