बुडवलेले कोठे जाते?

हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश कुरआनने जतन करून ठेवला आहे. त्यातील एका बोधाचा आशय असा आहे (सूरह लुकमान, ३१:१६) : कर्म मोहरीच्या दाण्याएवढे असो, ते खडकात दडलेले असो, आकाशांत असो वा जमिनीत असो, अल्लाह ते समोर आणील.

वाचक बंधू-भगिनींनो, हा बोध मनात ठेवून आज आपण समुद्राच्या तळाकडे पाहू या.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापला आहे. त्याची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर आहे. २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश अत्यंत क्षीण होतो आणि १,००० मीटरच्या खाली त्याचा लवलेशही उरत नाही. पॅसिफिक महासागरातील मरियाना गर्ता जवळजवळ ११ किलोमीटर खोल आहे. तीत एव्हरेस्ट ठेवला तरी त्याच्या माथ्यावर दोन किलोमीटर पाणी उरेल. सूरह अन-नूरमध्ये (२४:४०) सत्य नाकारणाऱ्यांच्या कर्मांना अशाच खोल समुद्रातील अंधाराची उपमा दिली आहे. तेथे लाटेवर लाट, तिच्यावर ढग आणि स्वतःचा हातही दिसू नये असा काळोख.

अशा आयती वाचल्या की त्यांत विज्ञानाचे शोध हुडकण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु कुरआन हा मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. उपमा दिली आहे ती आपण स्वतःला तपासावे म्हणून.

आता त्या अंधारात काय घडते ते पाहा. वरच्या थरांतील सूक्ष्म जीवांचे अवशेष, नद्यांनी आणलेली माती, वाऱ्याने उडवलेली धूळ हे सारे अहोरात्र खाली झिरपत असते. खोल समुद्रात हा गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर साचतो. पण जो थर बसला तो नोंदला गेला. शास्त्रज्ञ तळात नळ्या खुपसून हा गाळ वर काढतात आणि थरामागून थर वाचतात. आपल्या अरबी समुद्राच्या तळातील गाळावरून मोसमी पावसाचा लाखो वर्षांचा इतिहास त्यांनी उलगडला आहे. जणू तो समुद्राचा नामा-ए-आमालच!

१९१२ साली अटलांटिक महासागरात बुडालेले टायटॅनिक जहाज १९८५ साली सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले. त्र्याहत्तर वर्षांनंतरही थाळ्या, बाटल्या, बुटांचे जोड तेथे पडून होते. जहाज दृष्टीआड झाले होते, नाहीसे झाले नव्हते.

आपल्या मराठीत ‘बुडवणे’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. आपण कर्ज बुडवतो, मजुराची मजुरी बुडवतो, पत्नीचा मेहर बुडवतो, बहिणीचा हिस्सा बुडवतो. बुडवणाऱ्याला वाटते, पाणी वरून मिळाले, प्रकरण संपले. वाचकहो, तळाचा धडा याच्या अगदी उलट आहे. बुडवलेले संपत नाही; ते तळाशी जाऊन थांबते.

विशेषतः बहिणीच्या हिश्शाविषयी बोलणे भाग आहे. आईवडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रियांचाही ठरलेला वाटा आहे, असे सूरह अन-निसाने (४:७) स्पष्ट केले आहे. तरीही नमाज-रोजाचे पाबंद असलेल्या घरांतून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि ती मुकाट्याने सही करते. स्वखुशीने सोडणे वेगळे आणि माहेर तुटेल या भीतीने सही करणे वेगळे. सातबाऱ्यावरून तिचे नाव पुसले जाईल. नामा-ए-आमालमधून तिचा हक्क कोण पुसणार? शहिदाचे सारे गुनाह माफ होतात, परंतु कर्ज माफ होत नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. शहिदाची ही गोष्ट, तर आपली काय कथा?

तरीही निराश होण्याचे कारण नाही. हजरत यूनुस (अ.) यांनी ‘अंधारांतून’ पुकारले, असे सूरह अल-अंबिया (२१:८७) सांगते. भाष्यकारांनी ते तीन अंधार मोजले आहेत : रात्रीचा, समुद्राचा आणि माशाच्या पोटाचा. तेथून निघालेली हाकही अल्लाह तआलाने ऐकली आणि त्यांची सुटका केली. तौबाचे दार आपल्यासाठीही उघडे आहे. मात्र माणसांच्या हक्कांच्या बाबतीत केवळ अश्रू पुरेसे नाहीत. ज्याचे त्याला परत करावे लागते, किंवा त्याने मनापासून माफ करावे लागते.

म्हणून आज रात्री इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ शांत बसा. आपल्या तळाशी कोणाचे काय पडून आहे ते आठवा आणि कागदावर लिहा. उद्या त्यातले एक तरी परत करा. जे आपण स्वतः वर काढू, त्याची लाज कयामतच्या दिवशी सोसावी लागणार नाही.

हे अल्लाह! आम्ही लपवलेले सारे तू जाणतोस. हक्कदारांचे हक्क जिवंतपणीच परत करण्याची तौफीक आम्हांला दे. आमीन.