चालतंय तोवर

गाडीचे मागचे दोन रबरी बुश बदलायचे की नाहीत, यावर मी जवळजवळ दोन महिने काढले. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत सुटणारा हा प्रश्न माझ्या घरी मात्र बराच काळ मुक्कामाला होता.

गाडी म्हणजे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला कुटुंबवत्सल, पण पोटात 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्तीचं. खरी स्पोर्ट्स कार न परवडणाऱ्या माझ्यासारख्या माणसांची ही स्पोर्ट्स कार. तिचं आजचं आयुष्य मात्र डोंबिवली ते ठाणे असं आहे. मानपाडा, शीळफाटा, मुंब्रा बायपास, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये.

या गाडीची मागची दोन्ही चाकं एका आडव्या पोलादी तुळईला जोडलेली असतात आणि ती तुळई गाडीच्या सांगाड्याला दोन जागी धरलेली असते. त्या दोन्ही जागी लोखंड आणि लोखंडाच्या मध्ये रबराचा बुश असतो. चाक खड्ड्यात गेलं की तो पिळवटतो, हिसका स्वतःत जिरवतो आणि तरीही चाकांची दिशा ढळू देत नाही. थोडं द्यायचं, पण फार नाही, एवढंच त्याचं काम. उन्हानं, तेलानं आणि नुसत्या वयानंही रबर चिरतं. मेकॅनिकनं पहार लावून चिरा दाखवल्या आणि म्हणाला, "बदलायला झालेत. पण तुमच्या रनिंगला चालतंय, साहेब."

हे वाक्य मला फार आवडलं. खर्च टळत होता आणि वर तत्त्वज्ञानही मिळत होतं. जी वस्तू काम करते आहे ती कशाला फेकायची? आमच्या आधीच्या पिढीनं तुटलेली चप्पल शिवून आणि छत्रीची काडी बदलून संसार केले. न मोडलेलं बदलणं हा मला माज वाटतो, आणि ते अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही.

मग मुलगी सुट्टीत घरी आली. एका रविवारी गाडी घेऊन नाशिक हायवेनं पडघ्यापर्यंत गेली. परत आल्यावर किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "बाबा, लेन बदलताना गाडी मागून हलते. आधी पुढचा भाग वळतो, मागचा नंतर येतो."

मी ताबडतोब म्हणालो, "तुझा हात बसलेला नाही अजून."

खरं उलटं होतं. माझा हात बसला होता. बुश एका दिवसात जात नाही. तो रोज केसभर ढिला होतो आणि तेवढंच केसभर स्टिअरिंग आपण नकळत सावरून घेतो. वर्षभरानं गाडी बिघडलेली असते आणि आपल्याला ती ठीक वाटते, कारण बिघाडाचा निम्मा भार आपल्या मनगटानं उचललेला असतो. ज्याला सवय नाही त्यालाच तो दिसतो, आणि आपण त्यालाच अडाणी ठरवतो. घरात नवीन आलेल्या सुनेला, ऑफिसात नव्यानं लागलेल्या पोराला आपण हेच सांगत आलो: तुझा हात बसलेला नाही.

'चालतंय' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. तीसच्या वेगानं जाणाऱ्या मला चालत होतं. नव्वदच्या वेगात अचानक समोर आलेली रिक्षा चुकवणाऱ्या मुलीला ते चालणार नव्हतं, आणि त्या रिक्षावाल्याला तर कुणी विचारलेलंच नव्हतं. जोखीम माझी एकट्याची असती तर काटकसर हा गुण ठरला असता. दुसऱ्याच्या जिवावर केलेली काटकसर हा गुण नव्हे.

आपण डोंबिवलीकर दर रविवारी मेगाब्लॉकला शिव्या घालतो. रूळ तर दिसायला धड असतात, गाड्याही धावत असतात. पण रूळ मोडल्यावर बदलायचे असं ठरवलं, तर तो दिवस कोणता असेल आणि त्या गाडीत कोण असेल, हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही. काही वस्तू मोडण्याआधी कुरकुरतात. ज्या कुरकुरत नाहीत, त्यांच्यासाठी तारीख आपणच ठरवावी लागते.

शेवटी बुश बदलले. मेकॅनिकनं पॉलियुरेथेनचे सुचवले होते. ते टणक असतात, गाडी जास्त चपळ होते, पण रस्त्याचे जास्त हिसके सांगाड्यापर्यंत आणि बसणाऱ्यांच्या पाठीपर्यंत पोचतात. मी पुन्हा रबरच घेतलं. कल्याण-शीळ रस्त्यावर थोडी क्षमाशीलता हवी.

बोल्ट आवळायच्या आधी त्यानं गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आणलं. चाकं हवेत लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर कायमच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. भार घेऊनच घट्ट करायचं असतं, म्हणाला.

मुलीला फोन करून सांगितलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असं पहिल्यांदाच म्हणालात."