खुर्ची उबवणे

मोहफुलांचे दिवस आले की भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील कित्येक शाळा एकाएकी ओस पडतात. मार्च सरता सरता मोह गळू लागतो. फुले पहाटे पडतात आणि ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात, नाहीतर गुरे आणि अस्वले त्यांचा फडशा पाडतात. म्हणून उजाडण्याआधीच घरची सारी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. त्यांत दुसरी-तिसरीतील मुलेही असतात. या मुलांना कोणी कामचुकार म्हणू नये. घरच्या मीठमिरचीचा पैसा त्या फुलांतून यायचा असतो. इकडे शाळेत नेमाने घंटा होते. गुरुजी येतात, हजेरीपटावर मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा करतात, स्वतःची सही करतात आणि रिकाम्या वर्गासमोर बसून राहतात. शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत बसणे, एवढेच त्या दिवशीचे त्यांचे कर्तव्य उरते.

हे बसणे म्हणजे काम आहे काय? आणि नसेल, तर माणसाला असे बसवून ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. अर्धे जग पोटासाठी ऊन खात असताना पगार घेऊन सावलीत बसणाऱ्याचे दुःख ते काय, असेही कोणी विचारील. परंतु आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांत कोणी ना कोणी शिक्षकी पेशात आहे, आणि आपल्यापैकी काही जण शाळांच्या व्यवस्थापनातही बसतात. तेव्हा या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्याच घरात आहेत.

मराठीत या प्रकाराला ‘खुर्ची उबवणे’ असा एक बोचरा शब्दप्रयोग आहे. नवल असे की, दूर पूर्वेकडील देशांत नोकरीस गेलेल्या परदेशी शिक्षकांनीही आपल्या इंग्रजीत जवळजवळ हाच शब्द घडवला. जपानने १९८७ साली ‘जेट’ नावाची योजना सुरू करून इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशांतील तरुण पदवीधरांना आपल्या शाळांत आणले. दक्षिण कोरियाने १९९५ साली ‘एपिक’ नावाने तसाच उपक्रम आरंभला. हे शिक्षक वर्षाच्या करारावर येतात. मुलांना सुट्टी लागते, पण करारात रजेचे दिवस मोजकेच असतात. म्हणून बाकीच्या दिवसांत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत येऊन आपल्या टेबलापाशी बसायचे असते. शाळेत मूल नाही, शिकवायला तास नाही, सहकाऱ्यांची भाषा पुरती येत नाही. या बसण्याला ते ‘डेस्क वॉर्मिंग’ म्हणतात, म्हणजे टेबल उबदार राखणे.

त्या परदेशी तरुणाची अवस्था आम्हांस परकी वाटत नाही, कारण गडचिरोलीच्या जंगलातील गुरुजीही अनेकदा परदेशीच असतात. बीड किंवा नांदेडकडून बदलीवर आलेल्या शिक्षकासमोर बसलेले मूल घरी माडिया किंवा गोंडी बोलते. सिरोंच्याकडे घराघरांत तेलुगू चालते. त्या मुलांना मराठी ही शाळेत येऊन शिकायची भाषा आहे, जशी कोरियातील मुलाला इंग्रजी. चांदा धर्मप्रांतात (त्याची मुळे १९६२ सालची) केरळहून आलेल्या कितीतरी धर्मभगिनींनी आधी स्वतः मराठी शिकून मग इथल्या मुलांना इंग्रजी शिकवले आहे. परक्या मुलखात राहणाऱ्या या सर्वांना सुट्टीचा अर्थ अधिक खोल असतो. सुट्टी म्हणजे त्यांच्यासाठी घर.

तथापि एकाच बाजूचा कैवार घेऊन आम्हांला चालणार नाही. जंगलातील गावाची तक्रार याच्या नेमकी उलट आहे, आणि ती खरी आहे. गावकरी म्हणतात, मूल शाळेत आले तेव्हा गुरुजी नव्हते. रस्ता वाईट, पाऊस मोठा, गुरुजींचे बिऱ्हाड तालुक्याच्या गावी; मग सोमवारी उशीर आणि शनिवारी घाई. शिक्षकाने मुख्यालयी राहावे हा नियम जुना आहे. घरभाडे भत्ता घ्यायचा तर मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव हवा, असे शासनाने २०१९ साली फर्मावले. २०२२ साली विधानसभेत याच मुद्द्यावरून शिक्षकांवर टीका झाली आणि त्यावर शिक्षकांनी राज्यभर संताप व्यक्त केला. त्याआधी २०१६ साली तर दर सोमवारी विद्यार्थ्यांसह ‘सेल्फी’ काढून तो संगणकावर चढवावा असा आदेश निघाला होता. ज्या गावात फोनला ‘रेंज’ मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथील शिक्षकाने तो कसा पाळावा, हे आदेशात नव्हते. शिक्षकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही.

या साऱ्या आदेशांच्या मुळाशी एक खराखुरा अन्याय आहे, हे मान्य केले पाहिजे. मूल असताना रिकामी राहिलेली खुर्ची हा त्या मुलावरचा अन्यायच होय. त्याच्या आयुष्यातील दुसरीचे वर्ष पुन्हा येत नाही. परंतु व्यवस्थेने त्यावर जे औषध काढले ते खुर्चीवर लावले, मुलापर्यंत ते पोचलेच नाही. हजेरी मोजणे सोपे असते, शिकवणे मोजणे अवघड असते. म्हणून जे मोजता येते त्यालाच आपण कर्तव्य म्हणू लागलो. परिणाम असा की, मूल असताना खुर्ची रिकामी आणि मूल नसताना खुर्ची भरलेली, हे दोन्ही दोष एकाच जिल्ह्यात सुखाने नांदू शकतात, आणि कागदोपत्री दुसरा दोष हा गुण ठरतो.

काही वर्षांपूर्वीची एक हकिगत आम्ही विसरू शकलो नाही. एका शाळेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) उन्हाळ्याच्या सुट्टीतील पहिले आठ दिवस शिक्षकांना रोज चार तास बोलावण्यात येत असे. निकाल लागले होते, कागदपत्रे पुरी झाली होती. चंद्रपूरकडचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या दुपारच्या परतीची कल्पना येईल. तेथील एक शिक्षिका आम्हांला म्हणाली, “पहिल्या दिवशी आम्ही वाचनालयाची पुस्तके लावली. दुसऱ्या दिवशी तीच काढून पुन्हा लावली. तिसऱ्या दिवसापासून घड्याळाकडे पाहत बसलो. पाचव्या दिवशी आमच्यातल्या दोघींनी एकमेकींच्या सह्या करायला सुरुवात केली.” त्या वर्षी तिची आई गावी अंथरुणाला खिळली होती. नवव्या दिवशी गाडीत बसून ती घरी पोचली, तेव्हा आई होती, पण लेकीला ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती, हेही तिने प्रांजळपणे सांगितले. पण सगळ्याजणी बसलेल्या असताना आपणच कशी मागावी, असे तिला वाटले. तिने कोणाला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “ते आठ दिवस मी कोणासाठी बसले होते, ते मला कोणीतरी सांगावे.”

‘कोणासाठी?’ आमच्या मते या नैतिक प्रश्नाची किल्ली या एका शब्दात आहे.

कारण नुसते थांबणे हे काही वाईट नव्हे. थांबणे हा कित्येक सेवांचा गाभाच असतो. सुईण रात्रभर उशाशी बसते. वसतिगृहातील भगिनी मुली झोपल्यावरही जागी असते. पामुलगौतम, इंद्रावती आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडचा संपर्क पुरामुळे कित्येक पावसाळ्यांत दिवसच्या दिवस तुटला आहे. अशा वेळी आश्रमशाळेत मुलांसोबत अडकून पडलेला शिक्षक एकही धडा शिकवत नसेल, तरी त्याच्याइतके मोलाचे काम त्या दिवशी कोणी करत नसते. १९ एप्रिल २०२४ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात लोकसभेसाठी मतदान झाले. दुर्गम केंद्रांवर पथके हेलिकॉप्टरने पोचवावी लागली, आणि अशा पथकांत शिक्षक असतात. एखाद्या केंद्रावर मतदार थोडे आले म्हणून तेथील बसणे व्यर्थ गेले असे कोणी म्हणणार नाही. येणाऱ्या एकासाठी ते तेथे होते. हेमलकशाची शाळा १९७६ साली सुरू झाली. तेथे शिक्षक आणि मुले एकाच आवारात राहत आली आहेत. तेथील शिक्षकाची हजेरी घंटेने सुरू होत नाही आणि घंटेने संपतही नाही. या प्रत्येक ठिकाणी ‘कोणासाठी’ या प्रश्नाला उत्तर आहे.

ज्या बसण्याला असे उत्तर नाही, ते माणसाला आतून पोखरते. त्यातून प्रथम कंटाळा येतो, कंटाळ्यातून तुच्छता येते आणि शेवटी लबाडी येते. एरवी प्रामाणिक असलेल्या दोन बाया एकमेकींच्या सह्या करू लागतात. ज्याच्यावर विश्वास टाकला नाही तो हळूहळू विश्वासास अपात्र होत जातो, आणि मग वरिष्ठ म्हणतात, पाहा, आमचा संशय रास्तच होता. याच लोकांनी जूनमध्ये परत येऊन मुलांना सचोटीचे धडे द्यायचे असतात.

यावर कोणी म्हणेल, पगार बारा महिन्यांचा घेता, मग बारा महिने हजर राहायला नको काय? या आक्षेपाला द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक उत्तर दडलेले आहे असे आम्हांला वाटते. धनी दिवस मावळता मावळता बाजारात गेला, तेव्हाही तेथे माणसे रिकामी उभी होती. त्याने त्यांना आळशी म्हणून हिणवले नाही, आणि पुढे मजुरीही पूर्ण दिली. या औदार्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पण त्याआधी त्याने काय केले इकडे आपले लक्ष जात नाही. त्याने त्यांना बाजारातच बसवून ठेवून पैसे दिले नाहीत. एकच तास उरला होता तरी त्यांना मळ्यात पाठवले. माणसाला मजुरीइतकीच मळ्याचीही गरज असते हे तो जाणत होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या पत्रातील मुख्य सूत्र हेच आहे की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही.

देशाचा कायदादेखील याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा शहाणा आहे. २००९ सालचा बालशिक्षण हक्क कायदा शिक्षकाकडून नियमितपणा आणि वक्तशीरपणा मागतो. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरावी असे सांगतो. पण शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास मोजताना अध्यापनाच्या तयारीचा वेळही त्यांत धरतो. म्हणजे उद्याच्या धड्यासाठी वाचणे हे काम आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडल्यास शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामास जुंपू नये, असेही तो बजावतो. रिकाम्या वर्गावर पहारा देणे हे त्या तीन अपवादांत नाही.

मग मोहफुलांच्या दिवसांत गुरुजींनी करावे तरी काय? त्यांना घरी पाठवावे, असे आम्ही म्हणत नाही. मूल गावातच आहे. ते शाळेत नाही, एवढेच. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव २००९ साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कामुळे देशाला ठाऊक झाले. पण त्या हक्कामागे गावाच्या अभ्यासगटांचे वर्षानुवर्षांचे बसणे होते. लोक एकत्र बसत, ऐकत, प्रश्न विचारत, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत घाई करत नसत. त्याच जिल्ह्यात बसण्याचा असाही एक नमुना आहे. गुरुजींना झाडाखाली जाता येईल, वेचणी आटोपल्यावर दुपारी तासभर शाळा भरवता येईल, मुलांच्या आज्यांकडून माडिया शब्द लिहून घेता येतील. जो परका शिक्षक एका हंगामात त्या भाषेतील शंभर शब्द शिकला, त्याची जूनची पहिली घंटा निराळी वाजेल. मात्र त्यासाठी शाळेबाहेर गेलेला शिक्षक पळाला असे न समजणारा वरिष्ठ हवा, आणि मोकळीक मिळताच तालुक्याची गाडी न पकडणारा शिक्षकही हवा. यांतला एकही नसेल तर हजेरीपटाशिवाय काही उरत नाही.

वाचकहो, शासनाला उपदेश करून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्याही शाळांत मे महिना येतो. आपल्यापैकी जे व्यवस्थापनात आहेत त्यांनी शिक्षकांना अवश्य बोलवावे, काम असेल तर सुट्टीतही बोलवावे. पण बोलावण्यापूर्वी त्या दिवसांचे काम कागदावर लिहून पाहावे, आणि कागद कोरा राहिला तर त्यांना घरी जाऊ द्यावे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी मूल समोर असलेल्या प्रत्येक दिवशी आपली खुर्ची, नव्हे आपला जीव, तेथे ठेवावा. म्हणजे सुट्टी मागताना मान खाली घालावी लागणार नाही. आणि आपण पालकांनी, ‘मास्तरांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या’ असे मुलांच्या देखत म्हणण्याआधी क्षणभर थांबावे.

त्या शिक्षिकेच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. ती अजून शिकवते. दर वर्षी मुले शाळेत येऊ लागली की ती घंटेआधी वर्गात पोचलेली असते, असे तिच्या सहकारी सांगतात.