दंडावरचे वण

आईच्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचे दोन गोल वण आहेत. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. तिथली कातडी पातळ, चुरगळून सरळ केलेल्या कागदासारखी लागायची. टोचलेलं केव्हाच जिरून गेलं, मग मागे उरलं काय?

१७९६ मध्ये जेन्नर या डॉक्टरने गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाला टोचली. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती मिळाली, आणि तिच्या दंडातून पुढच्या मुलांच्या दंडात गेली. गुण येत होता. का येतो, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

१८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवर आला. जेमतेम आठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. पॅनम हा तरुण डॉक्टर घरोघर फिरला, तेव्हा त्याला दिसलं की १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या एकाही म्हाताऱ्याला तो पुन्हा झाला नाही. त्या साथीतून सुटलेल्या म्हाताऱ्यांना मात्र झाला. मधे ६५ वर्षं गेली होती.

पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लस काढली, पण कारण शोधताना त्याने शरीराला जमिनीसारखं मानलं. जंतूंनी एकदा कस ओढून घेतला की तिथे ते पुन्हा रुजत नाहीत, असं त्याला वाटे. कल्पना साधी आणि सुंदर आहे. पण रोज जेवणाऱ्या अंगात ६५ वर्षांत तो कस परत भरून आला नसता का?

१८८२ मध्ये मेसिना इथे मेच्निकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा रुतवला. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातला होता. जमीन मानलेलं शरीर स्वतः हालचाल करत होतं. पुढे १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तद्रवातले विषाला मारक पदार्थ दाखवले.

तरी प्रत्येक जंतूला नेमकं ओळखणारं काही अंगात येतं कुठून, हा पेच होताच. तो १९५७ मध्ये बर्नेट या शास्त्रज्ञाने ज्या रीतीने सोडवला, तिचं मला फार अप्रूप वाटतं. त्याने मांडलं की आपल्या अंगात असंख्य पेशी आधीपासूनच असतात आणि प्रत्येकीची ओळखण्याची खूण वेगळी असते. जंतू येतो तेव्हा ज्या पेशीशी त्याची खूण जुळते, तीच वाढते, तिचा गोतावळा होतो. काही लढून संपतात, काही वर्षानुवर्षं राहतात. लस हीच भेट आजाराविना घडवते. पहिल्या वेळी तयारीला दिवस लागतात. पुन्हा गाठ पडली की काम झपाट्याने होतं. म्हणून तर बाळाला दुसरा, तिसरा डोस देतात.

देवीची लस घेतलेल्यांच्या रक्तात ५० वर्षांनीही अशा पेशी सापडल्या आहेत. आई आता सत्तरीची आहे. तो विषाणू कुठल्याच गावात उरलेला नाही, तरी त्याला ओळखणाऱ्या काही पेशी तिच्या अंगात अजून फिरत असतील.